जेवणावळींना विरोध, अन्नदानाचा आग्रह. गाडगेबाबांचा हिशोब काय होता?

२० डिसेंबर जवळ आला की गाडगेबाबांची दशसूत्री मोबाईलवर फिरू लागते. तिच्यातलं पहिलंच सूत्र म्हणजे भुकेल्याला अन्न. पण हेच बाबा कीर्तनात जेवणावळींवर तुटून पडायचे. मग त्यांना हवं काय होतं?

उत्तर त्यांच्या बालपणात सापडतं. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील दारूपायी गेले. पुढे मुलगा अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात, दापुऱ्याला मामाकडे वाढला. त्या काळी बारसं असो की तेरवी, जातभाईंना मटण-दारूचं जेवण द्यावंच लागे. घरात पैसा नसला तर सावकार होताच. कर्ज फिटलं नाही की शेत जायचं. म्हणजे पोट भरलेल्यांच्या पंगतीसाठी एक घर उपाशी!

डेबूजींनी मुलीच्या बारशाला ही रीत मोडली आणि गोडाचं जेवण वाढलं. भाऊबंद नाराज झाले.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. हातात खराटा आणि गाडगं. गावात गेले की आधी रस्ता झाडायचा, मगच भाकर मागायची आणि ती त्या गाडग्यातच खायची. धडधाकट माणसानं फुकट खाऊ नये, हा नियम त्यांनी आधी स्वतःला लावला. आंधळ्या-पांगळ्यांना मात्र ही अट नव्हती. अमरावती जिल्ह्यात पूर्णेकाठी ऋणमोचनची यात्रा भरते, तिथे ते अशा लोकांना जेवू घालत. ऋणमोचन म्हणजे कर्जातून सुटका. नदीत डुबकी मारून सावकाराचं कर्ज फिटत नाही, हे बाबांइतकं कोणाला ठाऊक असणार?

देणग्या वाढल्या तशा पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांना इतरत्र शिवाशिवीमुळे ओसरीही मिळत नव्हती, त्यांच्यासाठी होती. या पैशांत स्वतःच्या कुटुंबाचा वाटा त्यांनी ठेवला नाही.

आणखी एक गोष्ट पोस्टमधून सहसा निसटते. अन्नाइतकाच त्यांचा जोर शाळेवर होता. घरातलं ताट विका, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शिकवा, असं ते सांगत. एका जेवणानं आजची भूक भागते, उद्याची नाही.

१९५६ मध्ये अमरावतीजवळ वलगावला, पेढी नदीपाशी त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाची एक धर्मशाळा आज मुंबईत दादरला आहे. टाटा रुग्णालयात कॅन्सरच्या उपचारांसाठी येणारे गरीब रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात.