ओनामा

मंडळी, नव्या कामाला हात घातला की आपण म्हणतो, "ओनामा केला." हा शब्द आला कुठून? पंतोजींच्या शाळेतून! इंग्रजी अमदानीच्या आधीपासून ही शाळा कधी देवळाच्या ओवरीत भरे, कधी कुणाच्या पडवीत. पहिल्या दिवशी पोरापुढे धूळपाटी यायची. त्या धुळीत बोटाने गिरवायचे श्रीगणेशाय नमः, मग 'ओं नमः सिद्धम्'. लेकरांच्या तोंडी त्याचे झाले 'ओनामासीधं'. आणि हे 'सिद्धम्' किती जुने? नाशिकच्या बौद्ध लेण्यांत सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या लेखांच्या आरंभी तेच कोरलेले आहे.

पुढे मुळाक्षरे, मोडी, पाढे. नुसते बे एके बे नव्हे हो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकीसुद्धा. दिवेलागणीला परवचा. देवाचे नाव आणि बाजाराचा हिशेब एकाच जिभेवर!

पण खरे बोलतो, रागावू नका. त्या ओवरीत बसायचे कोण? ठराविक घरांतले मुलगे. मुली चुलीपाशी, आणि ज्याला अस्पृश्य ठरवले त्याचे पोर उंबऱ्याबाहेर. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा विरोधाला उभे राहिले ते ओनामा शिकलेलेच. अक्षरात देव दिसला, लेकरात दिसला नाही.

म्हणून माउली, आज घरी परवचा घ्या. नातवासंगे नातीलाही बसवा, अन् घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईच्या लेकरालाही त्याच सतरंजीवर घ्या. मग तो खरा ओनामा.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!