जोडायला अवघड पिस्तूल

तुमच्यापैकी जे कॉलेजात असताना एनसीसीत होते, त्यांनी ‘पॉइंट टू-टू’ हा शब्द ऐकलेला असणार. मैदानावर पालथं पडून त्या रायफलीतून पाच-दहा गोळ्या मारायच्या, आणि मग नळीतून दोरीला बांधलेली चिंधी ओढत संध्याकाळ घालवायची. आजचा विषय त्याच काडतुसावर चालणारं पिस्तूल. युद्धात त्याला कुणी विचारत नाही, शिकारीत जेमतेम. ते आहे निशाणेबाजीचं. पण हे पिस्तूल म्हणजे खेळाचं साहित्य की शस्त्र, या प्रश्नावर एका देशाची संसद वर्षभर अडकली होती. तिथपर्यंत जायचंय आपल्याला.

आधी काडतूस. 1845 च्या सुमारास पॅरिसच्या फ्लोबेर नावाच्या बंदूककारानं ठिणगी पाडणाऱ्या छोट्या टोपीतच शिशाची गोळी बसवली. लोक दिवाणखान्यात नेम धरायला ती वापरायचे. म्हणजे जन्मच करमणुकीसाठी! 1857 मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसननं याच कल्पनेवर रिव्हॉल्व्हर काढलं, आणि आज सगळीकडे चालतं ते ‘लाँग रायफल’ काडतूस 1887 मध्ये आलं. यात पेट घेणारं रसायन बुडाच्या मध्यभागी नसतं, कडेच्या दुमडीत पसरलेलं असतं. म्हणून त्याचं नाव रिमफायर. पत्रा पातळ ठेवावा लागतो, कारण आघातानं ती कड चेपली पाहिजे. पातळ पत्र्याला जास्त दाब सोसत नाही, त्यामुळे काडतूस लहानच राहतं. लहान म्हणून स्वस्त, आणि स्वस्त म्हणून दिवसाला दोनशे गोळ्या मारून सराव करणं परवडतं. नेमबाजीचा अख्खा खेळ या हिशेबावर उभा आहे.

निगा राखण्याची कटकटही त्यातूनच आली. जुन्या काडतुसांच्या रसायनात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागे मिठासारखा क्षार उरायचा. तो हवेतला ओलावा ओढून घ्यायचा आणि नळी आतून गंजायची. 1920 च्या दशकात न गंजवणारी काडतुसं आली, पण ‘रोज घासायचं’ ही सवय सुटली नाही. मग उलटंच झालं. पुढच्या तोंडातून लोखंडी गज खुपसून खुपसून लोकांनी नळीचं तोंडच झिजवलं. गोळी जिथून सुटते ती कड बिघडली की नेम गेलाच. आणखी एक गोष्ट. रिकाम्या पिस्तुलाचा चाप उगाच ओढत बसू नका असं उस्ताद सांगतात, ते अंधश्रद्धेपोटी नव्हे. काडतूस नसेल तर बऱ्याच जुन्या पिस्तुलांत आघाताची सुई थेट नळीच्या मागच्या कडेवर आदळते आणि तिथे खाच पाडते.

आता 1949. अमेरिकेत बिल रूगर आणि अलेक्झांडर स्टर्म या दोघांनी एक पिस्तूल बाजारात आणलं. किंमत साडेसदतीस डॉलर. युद्धावरून परतलेल्या एका सैनिकाकडून रूगरनं दोन जपानी नांबू पिस्तुलं घेतली होती, त्यांच्या रचनेचा अभ्यास यात दिसतो. मुठीचा सांगाडा म्हणजे पत्र्याचे दोन साचेबंद अर्धे एकत्र जोडलेले. खर्च कमी, नेम उत्तम, विक्री धडाक्यात. पण साफसफाईला एकदा उघडलं की संपलं! मुठीच्या मागची स्प्रिंग बसवताना आतली एक लोंबती काडी अचूक खोबणीत पडावी लागते. पिस्तूल कधी वर, कधी खाली असं तिरपं धरत बसायचं. कित्येक मालक ते मोडून पिशवीत घालून दुकानात न्यायचे. (हशा) एक बटण दाबून उघडणारी आवृत्ती 2016 मध्ये आली. सदुसष्ट वर्षांनी.

ही मोडण्या-जोडण्याची गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती ब्रिटनमध्ये पुन्हा येते, आणि तिथे हसण्यासारखं काही नाही.

13 मार्च 1996. स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावच्या शाळेत एका माणसानं सोळा मुलं आणि त्यांच्या शिक्षिकेला ठार केलं. त्याच्याजवळ दोन पिस्तुलं आणि दोन रिव्हॉल्व्हर होती. चारही परवान्याची, चारही मोठ्या कॅलिबरची. चौकशीला नेमलेल्या लॉर्ड कलन यांनी सुचवलं की वापरात नसताना पिस्तुलाचा मुख्य भाग काढून वेगळा ठेवावा किंवा नळीला कुलूप लावावं. ते जमणार नसेल, तर एकाहून जास्त गोळ्या मारणाऱ्या पिस्तुलांवर बंदीचा विचार करावा. सरकार म्हणालं, सुटे भाग वेगळे ठेवणं व्यवहारात जमणार नाही. म्हणून 1997 च्या सुरुवातीच्या कायद्यानं मोठी पिस्तुलं बंद झाली आणि पॉइंट टू-टू वाचलं, तेही क्लबात कुलपाआड ठेवण्याच्या अटीवर.

मे महिन्यात सरकार बदललं. नोव्हेंबर 1997 मध्ये दुसरा कायदा आला आणि पॉइंट टू-टूही गेलं. सुमारे 57,000 लोकांनी सुमारे 1,62,000 पिस्तुलं पोलिसांकडे जमा केली. भरपाई मिळाली. पण रोज तेल लावून फडक्यात गुंडाळलेली, मूठ स्वतःच्या तळहाताच्या मापानं घासून घेतलेली वस्तू टेबलावर ठेवून पावती घ्यायची, याची किंमत कोणत्या यादीत बसते? नेमबाज म्हणत होते, आमच्या पिस्तुलानं कुणाला मारलं नाही. खरं आहे ते. पण मुलं गमावलेल्या आईबापांसमोर हा युक्तिवाद मांडून पाहा. मला दोन्ही बाजू कळतात, आणि खरं सांगायचं तर मी त्या संसदेत असतो तर बंदीच्या बाजूनं हात वर केला असता. पण सहजासहजी नाही.

आता बिस्ले. इंग्लंडमधल्या याच मैदानावर 1948 च्या ऑलिंपिकमध्ये हंगेरीचा कारोली ताकाच उभा होता. दहा वर्षांपूर्वी हातबॉम्बनं त्याचा उजवा हात निकामी केला होता. डाव्या हातानं नेम धरून त्यानं 580 गुण घेतले, विश्वविक्रम केला आणि सुवर्ण जिंकलं. 2002 च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धांची नेमबाजीही बिस्लेलाच झाली, पण तेव्हा पिस्तुलाचे सामने भरवायला सरकारकडून खास सूट घ्यावी लागली.

आणि ज्यांना घरच्या मैदानावर पिस्तूल सोडवेना त्यांनी काय केलं? कायद्याची बंदी तीस सेंटिमीटरपेक्षा कमी नळीच्या किंवा एकूण साठ सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीच्या हत्यारांवर होती. म्हणून नळी लांब केली आणि मुठीच्या मागे मनगटाच्या वर जाणारा एक गज कायमचा जोडून घेतला, म्हणजे लांबी भरते. दिसायला बेढब, हातात जड. तरी ब्रिटनमधल्या क्लबांत तशी पिस्तुलं आजही परवान्यावर चालतात. आता तुमचे प्रश्न घेऊ या.