मज्जातंतूच्या टोकात कोलीन किती शिरते, हे कसे मोजतात?

मज्जातंतू स्नायूंना ॲसिटिलकोलीन या रसायनातून निरोप देतात. श्वासाचे स्नायूही याच निरोपावर चालतात. ॲसिटिलकोलीन मज्जातंतूच्या टोकात तयार होते. मात्र त्यासाठी लागणारे कोलीन बाहेरून आत घ्यावे लागते. हे काम एक वाहक प्रथिन करते. त्याच्या जनुकात दोष असलेल्या काही बाळांचे स्नायू ढिले पडतात, श्वास मध्येच थांबतो, असे २०१६ मध्ये समोर आले.

टोके वेगळी कशी काढतात?

उंदराच्या मेंदूचा ताजा भाग थंड सुक्रोजच्या द्रावणात हलक्या हाताने घोटतात. मज्जातंतूंची टोके तुटतात आणि त्यांची तोंडे आपोआप मिटतात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून ती वेगळी करतात. त्यांना सिनॅप्टोसोम म्हणतात. ती काही तास काम करत राहतात.

मोजणी कशी होते?

सिनॅप्टोसोम ३७ अंश सेल्सिअसला काही मिनिटे खूण केलेल्या कोलीनमध्ये ठेवतात. मग बर्फासारखे थंड द्रावण घालून प्रक्रिया थांबवतात आणि गाळून धुतात.

पण कोलीन इतर वाटांनीही आत जाते. म्हणून दुसऱ्या नळीत हेमिकोलिनियम-३ घालतात. ते मुख्य वाहकाला अडवते. दोन्ही नळ्यांतील आकड्यांची वजाबाकी केली की त्या वाहकातून किती कोलीन आले, ते कळते.

खूण कोणती?

जुनी पद्धत किरणोत्सारी ट्रिटियमची. त्यातून एकूण किती खूण आत गेली ते समजते. पण ती कोलीनच राहिली की तिचे ॲसिटिलकोलीन झाले, हे नुसत्या मोजणीतून कळत नाही.

मास स्पेक्ट्रोमीटर वजनावरून हा फरक ओळखतो. साध्या कोलीनच्या आयनाचे वस्तुमान १०४. नऊ हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घातले की ते ११३ होते. त्याचेच ॲसिटिलकोलीन बनले, तर १५५ वर दिसते; शरीरातले साधे ॲसिटिलकोलीन १४६ वर. म्हणजे आत किती आले आणि त्याचे पुढे काय झाले, दोन्ही एकाच चाचणीत कळते.

उपयोग काय?

जनुकात बदल सापडला, म्हणजे आजार त्यामुळेच झाला असे ठरत नाही. ते जनुक प्रयोगशाळेतील पेशींत घालून कोलीन किती आत जाते, हे मोजतात. ते बरेच घटले, तर बदल घातक असल्याचा भक्कम पुरावा मिळतो.