परदीर्घिकांतील तारकीय कृष्णविवरे : क्ष-किरण उद्रेकांवरून शोध

आकाशगंगेबाहेरील दीर्घिकांत, प्रचंड ताऱ्यांच्या अखेरीस निर्माण झालेली व सूर्याच्या काही पट ते काही दशक पट वस्तुमानाची कृष्णविवरे त्यांच्या निकटच्या परिसरातून अकस्मात वाढणाऱ्या क्ष-किरणांवरून शोधण्याची पद्धती.

एकाकी कृष्णविवर दिसत नाही. परंतु ते युग्मताऱ्याचा घटक असल्यास सहचर ताऱ्यावरील वायू त्याच्याकडे ओढला जाऊन त्याच्याभोवती फिरणारी चकती तयार होते, तिला संचयन चकती म्हणतात. सहचर कमी वस्तुमानाचा असल्यास वायू सावकाश येतो व चकतीत वर्षानुवर्षे साठतो. तिचे तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की हायड्रोजनाचे आयनीभवन होते, म्हणजे अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात, त्यामुळे वायूची श्यानता (अंतर्गत घर्षण) वाढते आणि साठलेला वायू वेगाने आत सरकताना लक्षावधी अंशांपर्यंत तापून क्ष-किरण उत्सर्जित करतो. असा उद्रेक बहुधा काही आठवडे ते काही महिने टिकतो.

पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण शोषून घेत असल्याने हे निरीक्षण अवकाशातूनच करावे लागते. १९९९ मध्ये सोडलेल्या चंद्रा व एक्सएमएम-न्यूटन या वेधशाळांनी एकाच दीर्घिकेची वेगवेगळ्या काळी घेतलेली चित्रे ताडून पाहिली असता नवे उगम लक्षात येतात. सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे दूर असलेल्या देवयानी दीर्घिकेत जानेवारी २०१२ मध्ये एक्सएमएम-न्यूटनला असा उगम आढळला. त्याची तेजस्विता १०^३२ वॉटपलीकडे गेली, म्हणजे सुमारे दहा सौर वस्तुमानांच्या कृष्णविवराच्या एडिंग्टन मर्यादेजवळ पोहोचली. या मर्यादेपाशी प्रारणाचा बाह्य दाब गुरुत्वाकर्षणाला तोलून धरतो. त्याच्या रेडिओ तरंगांत तासाहून कमी काळात बदल दिसल्याने उत्सर्जक प्रदेश सूर्यमालेहून मोठा नसावा व तेथून द्रव्याचे झोत बाहेर फेकले जात असावेत, असे अनुमान निघाले.

तथापि उद्रेकावरून कृष्णविवराचा ठाव लागतो, त्याचे वस्तुमान ठरत नाही. त्यासाठी सहचराचा कक्षीय वेग मोजावा लागतो आणि एवढ्या अंतरावरील अंधूक सहचराबाबत ते क्वचितच साधते. एम ३३ दीर्घिकेतील एक्स-७ या उद्रेकी नसलेल्या, सतत तेजस्वी उगमाबाबत ते शक्य झाले, कारण त्याचा सहचर प्रचंड व तेजस्वी आहे. केवळ तेजस्वितेवर विसंबणेही धोक्याचे ठरते : एम ८२ दीर्घिकेतील कृष्णविवर मानला गेलेला एक्स-२ हा अतितेजस्वी उगम स्पंद पाठवणारा न्यूट्रॉन तारा असल्याचे नुस्टार उपग्रहाच्या वेधांवरून २०१४ मध्ये सिद्ध झाले.