आधी भिंत, मग नकाशा

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि आमच्या आजोबांच्या हाताला जन्मभराचं काम लागलं. हे वाक्य त्यांचंच. गवंडी माणूस, लाजून-बिजून बोलायचा नाही. पुण्यात नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे वाडे पुरात बसले, माणसं पर्वतीच्या पलीकडे सरकली, सहकारनगरात पूरग्रस्तांच्या सोसायट्या उभ्या राहू लागल्या. त्याच्याही पुढे बिबवेवाडी. तिथे तेव्हा शेतं, विहिरी आणि डोंगराकडून येणारे ओढे. आजोबा संध्याकाळी काम सुटलं की तिकडे फिरायला जात आणि सवयीने जमीन बघत. वर मुरूम किती, खाली पाषाण किती फुटांवर, पावसाचं पाणी कुठून उतरणार. "ओढ्याच्या पोटात घर बांधू नये, आज ना उद्या तो हक्क सांगतो," असं ते म्हणत. कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याची वाट नानासाहेब पेशव्यांनी वळवली, हेही त्यांनीच आम्हाला सांगितलं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री तो ओढा अरण्येश्वर, सहकारनगर भागात घराघरांतून फिरला, तेव्हा आजोबा नव्हते.

कोयनेचा भूकंप ते फार रंगवून सांगत. 11 डिसेंबर 1967, पहाटेची वेळ, फळीवरची भांडी खाली. दिवस उजाडल्यावर ते आपण बांधलेल्या घरांचे कोपरे बघत फिरले म्हणे. भिंत मधे फाटत नाही, कोपऱ्यात सुटते, हे त्या दिवशी कळलं.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम लागू झाला होता. बांधकामाला आधी परवानगी घ्या, नाही घेतली तर नोटीस, दंड, पाडापाडी. अर्ज केल्यावर 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजावं, अशी सोयही त्यात होती. नकाशा नियमाबाहेरचा नसला, तर. आजोबांना या कायद्याचा पत्ता पुष्कळ वर्षांनी लागला.

मग ओटे आले. अप्पर आणि सुपर इंदिरानगरकडे गोरगरिबांना घरासाठी बांधलेला चौथरा मिळाला. अप्पर ओटा हे नाव आजही रिक्षावाल्याला सांगितलं की पुरतं. वर काय उभं करायचं ते ज्याचं त्याने. कुणी पत्रे टाकले, पुढे विटा आल्या, पोरगा कमावता झाला की स्लॅब. मला ही कल्पना अजूनही शहाणपणाची वाटते. माणसाच्या ऐपतीप्रमाणे घर वाढतं, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं. पण पहिला स्लॅब झाला की दुसरा होतोच. आजोबांना पुढे याच कामांना बोलावणं येई आणि ते एकच विचारत, "खाली पाया कितीचा?" एका मजल्याच्या बेताने घातलेल्या पायावर तीन मजले. ते नाही म्हणाले की दुसरा गवंडी मिळायचाच.

मावशीची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त अन्यायाची. तिने गुंठा घेतला. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. पैसे रोख, कागद स्टॅम्प पेपरवर, सातबारा सामाईक, त्यावर नावांची ही रांग. 1947 चा तुकडेबंदी कायदा शेतजमिनीचे असे बारीक तुकडे होऊ देत नव्हता, म्हणून स्वतंत्र सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून मंजूर लेआउट नाही. लेआउट नाही म्हणून बांधकाम परवाना नाही. विटेवर वीट चढायच्या आधीच घर बेकायदा ठरलेलं. मावशीने कुणाला फसवलं नव्हतं. परवाना मागायची खिडकीच तिच्यासाठी नव्हती. अनधिकृत बांधकामांवर तावातावाने बोलणारे बहुधा ही साखळी विसरतात.

बरं, प्रश्न शिक्क्याचा असता तर चालून गेलं असतं. पण परवान्यासोबत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे दुसऱ्याची नजर. नकाशावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते, जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणी होते, शेवटी भोगवटा पत्र. रिंगेचंच घ्या. कॉलमच्या उभ्या सळयांना जी चौकोनी रिंग घालतात तिच्या टोकाचा आकडा 135 अंशांत आत वळवावा, असं भूकंपरोधक बांधकामाचं मानक सांगतं. ते निघालं 1993 साली, किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी. घाईतला फिटर तो काटकोनात सोडतो. हादरा बसला की वरचं काँक्रीट निसटतं, रिंग उघडते, सळया बाहेर फुगतात. काँक्रीट ओतल्यावर तो आकडा दिसायचा नाही. जे बघायचं ते सेंट्रिंग लावण्यापूर्वी, आणि गुंठ्यावरच्या घरात बघणार कोण? 2012 च्या सप्टेंबरात तळजाई पठारावर बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली, माणसं मेली. आमच्या घरात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. मावशी आपल्या खांबांना हात लावून बघत होती.

सरकारनेही नंतर वाट काढली. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने 1 जानेवारी 2001 पूर्वीचे भूखंड नियमित करायची सोय केली, 2021 मध्ये ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. शुल्क भरा, कागद द्या, घर कायदेशीर. पण कागद नियमित झाला म्हणून आतली रिंग वळत नाही.

डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर लहान घर बांधायचं तर आर्किटेक्टमार्फत नकाशा आणि शुल्क दाखल करायचं. ती पावतीच परवाना. मावसभावाने ही बातमी मोबाइलवर मला पाठवली, पुढे हात जोडलेले. वरचा मजला चढवायचं त्याच्या मनात होतंच. मागच्या स्लॅबच्या सळया गच्चीवर कधीच्या बाहेर काढून ठेवल्यात, गंजू नयेत म्हणून वर सिमेंटचं पाणी फासलेलं. दुसऱ्याच दिवशी तो आर्किटेक्टकडे गेला. आर्किटेक्टने पहिल्यांदा जुन्या पायाचं काय ते विचारलं, आणि मग म्हणाला, "स्वतंत्र सातबारा आणलाय का?"