खिळ्यांच्या घरात नसलेली अक्षरे

गोमंतकात मुद्रणयंत्र 1556 साली आले. परंतु येथील लिपीचे खिळे त्याबरोबर आले नाहीत. या एका उणिवेचे परिणाम किती दूरवर गेले, याचा विचार आमच्याकडे व्हावा तितका झालेला नाही.

सासष्टीत आयुष्य वेचलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी 5 डिसेंबर 1608 रोजी आपल्या संघाच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांस लिहिलेल्या पत्रात ही अडचण स्पष्ट मांडली आहे. मलबारात जशी तेथील लिपीत पुस्तके निघाली, तशी या देशीही निघावीत, ही त्यांची पुष्कळ दिवसांची इच्छा होती. पण युरोपात जेथे चोवीस अक्षरांवर काम भागते, तेथे येथे सुमारे सहाशे साचे ओतावे लागतील, हा मोठा अडसर होता. सहाशे हा आकडा अतिशयोक्तीचा नव्हे. एका व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी, उकार यांची जोड दिली म्हणजे त्याची दहाबारा रूपे होतात; त्यात द्ध, द्य, क्त, त्त, ष्ट अशा जोडाक्षरांची भर पडते. तमिळ लिपीत अशी जोडाक्षरे जवळजवळ नाहीत, म्हणून तिचे खिळे पाडणे त्या मानाने सुकर झाले आणि 1578 साली कोल्लम येथे तमिळ पुस्तक छापून निघाले. आमच्या लिपीची समृद्धीच अशी तिच्या आड आली.

अखेर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूर येथे छापले गेले, ते रोमन अक्षरांत. भाषा मराठी, छंद ओवीचा, आणि पेहराव मात्र परका! तथापि हा पेहराव चढविणाऱ्यांनी मनमानी केली नाही, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. जे अक्षर पेटीत नाही त्याच्या जागी काय घालावयाचे, याचा त्यांनी नेम ठरविला. दंत्य ‘त’साठी एक ‘टी’, तर मूर्धन्य ‘ट’साठी ‘टी’ दोनदा. ‘ड’, ‘ण’ आणि ‘ळ’ यांसाठीही असेच द्वित्त. ‘श’साठी ‘एक्स’. अनुनासिकासाठी पोर्तुगीज भाषेतील नागमोडी चिन्ह हाताशी होतेच. आजची रोमी कोंकणीही हीच द्वित्ताची रीत चालविते. म्हणजे जी सोय खिळ्यांच्या अभावी करण्यात आली, तिची चार शतकांत परंपरा झाली, आणि पुढे लिपीच्या वादात त्या परंपरेला अस्मितेचे मोलही चढले.

मात्र नेम कितीही चोख असला तरी प्रत्येक पर्यायाला किंमत द्यावी लागते. ‘एन’ दोनदा आला तर तेथे ‘ण’ वाचावा की ‘अन्न’ या शब्दातला ‘न्न’? भाषा जाणणारा अर्थावरून ओळखतो. न जाणणाऱ्यास मार्ग नाही. केरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपुरास देवनागरी खिळ्यांनी निघाले ते 1805 साली. ‘क्रिस्तपुराण’ देवनागरीत छापून निघण्यास 1956 साल उजाडावे लागले. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली ती आवृत्ती पुण्यात निघाली.

आता खिळे गेले आणि संगणकावर पृष्ठरचना होऊ लागली. अक्षरे नसण्याचा प्रश्न मात्र गेला नाही. फाँटमध्ये नसलेल्या अक्षराच्या जागी रिकामी चौकट उमटते. जपानी खाद्यपदार्थावरून तिला ‘टोफू’ म्हणतात, आणि ही चौकट कोठेच दिसू नये या हेतूनेच ‘नोटो’ या फाँटमालिकेचे नाव पडले. मराठीस नित्य लागणाऱ्या ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते 2008 साली, तोवर ‘अ’वर चंद्र बसविताना पुष्कळ संगणकांवर मध्येच ठिपक्यांचे वर्तुळ उभे राही.

आमच्या मते चौकट आणि वर्तुळ ही परवडली, कारण ती निदान डोळ्यांना खुपतात. खरा घात होतो तो निमूटपणे घडणाऱ्या बदलाने. हिंदीपुरत्या केलेल्या काही फाँटांत मराठीचा अर्धा ‘र’, म्हणजे ‘ऱ्’, नसतो. किंवा एका संगणकावरून दुसऱ्यावर मजकूर नेताना मधले अदृश्य जोडचिन्ह गळते आणि त्याचा रफार होतो. मग सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्यांना द्यावयाची मजुरी आचार्यांना मिळते! शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्रालाही यात वावगे दिसत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

ज्या पानावर देवनागरी आणि नागमोडी चिन्हांची रोमी शेजारी शेजारी यावयाची, तेथे जुळाऱ्याने मजकूर ओतण्यापूर्वीच ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’, ‘ॲ’, ‘ळ’ आणि अनुनासिक स्वर यांची एक ओळ त्या फाँटात उमटवून पाहावी. एखादे अक्षर नसेल तर दुसरा फाँट त्या एका अक्षरापुरता न घेता सबंध लेखास लावावा, म्हणजे ओळीत ठिगळ दिसत नाही. आणि शेवटचे मुद्रित पडद्यावर न वाचता छापखान्यात जावयाच्या फाइलीवरून, मूळ हस्तलिखित शेजारी ठेवून वाचावे.