तळटीप : ‘दोघांचे १०४ गुण’
* हे गुण ज्या प्रश्नावलीतले, ती म्हणजे ग्रॅहम स्पॅनियर यांनी १९७६ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेली ‘डायडिक अ‍ॅडजस्टमेंट स्केल’. प्रश्न ३२, गुण ० ते १५१. पैसा, घरकाम, मित्रमंडळी, आईवडील आणि सासूसासरे यांच्याशी वागणं अशा बाबतींत जोडीदाराशी कितपत एकमत होतं, इथून ती सुरू होते. पुढे भांडणं, जवळीक, एकत्र घालवलेला वेळ. सुखाविषयीचा प्रश्न मुद्दाम पाहावा असा आहे. एका रेघेवर सात ठिपके : एका टोकाला ‘अत्यंत दुःखी’, दुसऱ्या टोकाला ‘परिपूर्ण’, आणि बरोबर मध्यावर साधं ‘सुखी’. बहुतेक संसार या मधल्या ठिपक्याशी असतात, असं तिथेच सांगितलेलं असतं. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. मूळ अभ्यासात विवाहितांची सरासरी ११४.८, तर घटस्फोटितांची ७०.७ आली. मात्र ही माणसं पेनसिल्व्हेनियातली होती. त्या आकड्यांवरून दुसरीकडच्या संसारांना पास-नापास ठरवणं अन्यायाचं आहे. शिवाय कागद प्रत्येकाने स्वतंत्र भरायचा असतो. त्याचे १२५ आणि तिचे ८३ आले, तरी सरासरी १०४च भरते, आणि समुपदेशकाने जिच्याविषयी बोलायला हवं ती ४२ गुणांची दरी कागदावर दिसतच नाही. — संपा.